परक्याचा सण आणि आपलें पान

परक्याच्या सणांत आपण बसावें काय, आणि बसावें तर कोणत्या नात्यानें, हा प्रश्न वरवर पाहतां शिष्टाचाराचा वाटतो. कोणी आग्रहानें बोलावलें तर जावें, दोन घांस खावे, गोड बोलून परत यावें. यांत तत्त्वज्ञान तें काय आलें, असें कोणीहि म्हणेल. परंतु अलीकडे आमच्या नाशिकांतून कांहीं मुलें-मुली सेवेच्या निमित्तानें परदेशीं जातात. कोणी वृद्धांच्या शुश्रूषेला, कोणी अपंग मुलांच्या शाळेंत, कोणी निर्वासितांच्या निवाऱ्यांत. डिसेंबर महिना आला कीं त्यांचीं पत्रें आम्हांस येऊं लागतात (पत्रें म्हणजे अर्थात् हल्लींचीं, तारेपेक्षांहि आखूड), आणि त्या पत्रांतून हा प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं डोकावतो. एकीनें विचारलें, "सर, मध्यरात्रीच्या प्रार्थनेला मी यांच्या देवळांत उभी राहिलें, तर तें खोटें ठरेल का?" दुसऱ्यानें लिहिलें, "नाताळच्या दिवशीं कामावर राहण्याचें मीं आपण होऊन पतकरलें, कारण त्या सुटीचा मला उपयोग नव्हता. पण सगळे घरीं गेल्यावर ओसाड वाटलें. मी त्यांच्या सणांत होतों कीं सणाबाहेर?" इतक्या सरळपणें विचारलेल्या प्रश्नांना शिष्टाचाराच्या पुस्तकांत उत्तर सांपडत नाहीं.

आपल्या समाजांत याचीं दोन तयार उत्तरें फिरत असतात. पहिलें असें कीं, सर्व धर्म शेवटीं एकाच ठिकाणीं पोंचतात, सर्व सणांचा अर्थ प्रेम, प्रकाश आणि बंधुभाव एवढाच; तेव्हां दिवाळी काय नि नाताळ काय, खुशाल सामील व्हावें. हें उत्तर ऐकावयास गोड आहे आणि व्याख्यानाच्या अखेरीस टाळ्याहि मिळवतें. आम्हांस मात्र तें आळशी वाटतें. सण हा कधींच 'एवढाच' नसतो. दिवाळी म्हणजे प्रकाश, असें सांगून जो मोकळा झाला त्याला नरकचतुर्दशीच्या पहांटे पायाखालीं फोडावयाचें कारीट दिसलेंच नाहीं. आणि तें कडू कारीट, तो उटण्याचा वास, थंडीनें कुडकुडणारीं मुलें, हें सर्व वगळलें तर उरलेल्या प्रकाशाला दिवाळी म्हणण्याचें कारणहि उरत नाहीं. परक्याचा सण आपल्याच सणासारखा आहे असें म्हणणें म्हणजे पुष्कळदां तो न पाहण्याची सोय करून घेणें होय.

दुसरें उत्तर याहून अधिक प्रामाणिक आहे. ज्याचा विश्वास नाहीं त्यानें जाऊं नये. श्रद्धेवांचून सणांत बसणें हें सोंग आहे, आणि सोंगानें यजमानाचाहि अपमान होतो, असें तें म्हणतें. या उत्तराबद्दल आम्हांस आदर आहे. पण त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे कीं, श्रद्धा आणि पंगत यांचें दार एकच असतें. तें तसें असतें काय?

पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्या. 1883 सालीं त्या इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनींच्या मठांत राहावयास गेल्या आणि त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत त्यांनीं व लहानग्या मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या धर्माचा नाताळ, तो धर्म त्यांनीं पतकरला होता. पाहुणेपण तेथेंच संपावयास हवें होतें. पण रमाबाईंनीं शाकाहार सोडला नाहीं. सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1977 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आहे, तो ज्यांनीं वाचला असेल त्यांस ठाऊक आहे कीं, या शाकाहारांत जुन्या जातीचा अभिमान लपला आहे असा संशय त्या भगिनीला होता, आणि रमाबाई हटल्या नाहींत. गळ्यांतील क्रूसावर लॅटिन अक्षरें कां असावींत, संस्कृत कां नसावींत, हाहि वाद त्यांनीं घातला. श्रद्धा घेतली, पण ताट घेतलें नाहीं. देव पतकरला, पण त्याच्या अंगावरचे विलायती कपडे पतकरले नाहींत. जो सामान्य पाहुणा नाताळचा केक आवडीनें खातो आणि प्रार्थनेच्या वेळीं खिडकीबाहेर पाहतो, त्याच्या अगदीं उलट हें टोक आहे.

आणि दूर जावयास कशाला हवें? नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनीं 1895 सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनीं 1900 सालीं. मधल्या वर्षांत या बाईंच्या मनांत जो झगडा चालला तो 'स्मृतिचित्रां'त वाचतांना आम्हांस नेहमीं असें वाटलें आहे कीं, त्रैक्याच्या सिद्धांतापेक्षां कोणाच्या हातचें पाणी प्यावें हा प्रश्न त्यांना किती तरी जड गेला. तो सुटला आणि मग बाकीचें त्यामानानें हलकें झालें. श्रद्धेचें दार आणि पंगतीचें दार हीं दोन निराळीं दारें आहेत, आणि कित्येकांना दुसरें अधिक अरुंद असतें.

तेव्हां पंगतीला बसणें म्हणजे श्रद्धेची कबुली देणें, हें खरें नव्हे. मग पंगतीला बसणें म्हणजे काय? या बाबतींत आमचा थोडासा स्वानुभव आहे, तो येथें सांगतों.

2022 च्या डिसेंबरांत आम्हांस पोलंडांतील लुब्लिन शहरीं कांहीं आठवडे राहण्याचा योग आला. अध्यापनाचें काम थोडें होतें, वेळ पुष्कळ होता. त्या वर्षींच्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली होती आणि लाखों माणसें सीमा ओलांडून पोलंडांत आलीं होतीं; बहुतेक बायका, मुलें आणि म्हातारीं माणसें, कारण अठरा ते साठ वर्षांच्या पुरुषांना देश सोडण्याची सामान्यतः बंदी होती. निर्वासितांसाठीं चाललेल्या एका स्वयंपाकघरांत आम्ही उरलेला वेळ घालवूं लागलों. पन्नाशी उलटलेल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाचा बटाटे सोलण्याहून अधिक उपयोग तेथें कोणास सुचला नाहीं, आणि तें योग्यच होतें.

पोलंडांत नाताळचा खरा समारंभ चोविसाव्या तारखेच्या संध्याकाळीं असतो. दिवसभर उपास, आणि आकाशांत पहिला तारा दिसला म्हणजे जेवण. टेबलावरील पांढऱ्या कापडाखालीं थोडें वाळलेलें गवत पसरतात, कारण बाळ येशू गोठ्यांत गवतावर निजला होता. पदार्थ बारा, मांस मुळींच नाहीं, पण मासा चालतो. (आमच्या शाकाहाराची गणना मासे खाणाऱ्यांत होतांच आम्हांस आमचे बंगाली मित्र आठवले.) बिटाचें तांबडें सार, कोबी, अळिंबें, खसखशीचे गोड पदार्थ, सुक्या फळांचें पन्हें. आणि टेबलाशीं एक जागा मोकळी ठेवावयाची, ताट-चमच्यासह. अवचित कोणी दार ठोठावलें तर त्याच्यासाठीं ती जागा. आपल्याकडे वैश्वदेवानंतर दारांत उभें राहून अतिथीची वाट पाहावी असें धर्मशास्त्र सांगतें. पण आमच्या पाहण्यांतल्या किती घरीं असें पान मांडलें जातें, हें वाचकांनींच आठवून पाहावें.

पोलिश स्वयंसेविकांनीं निर्वासितांसाठीं असें जेवण मांडलें. येथें एक बारकावा होता. युक्रेनच्या सनातनी चर्चचा नाताळ तोंपर्यंत जुन्या पंचांगाप्रमाणें सात जानेवारीस येत असे. सरकारनें तो पंचवीस डिसेंबरास आणला तो पुढच्या वर्षीं, 2023 सालीं. म्हणजे त्या बायकांपैकीं पुष्कळांचा हा सण नव्हे. त्यांचा सण अजून दोन आठवडे दूर होता. (टिळक पंचांग आणि इतर पंचांगें यांच्या भांडणांत वाढलेल्या माणसाला यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नव्हतें.) तरीहि त्यांनीं त्या टेबलावर आपली म्हणून एक वस्तु आणून ठेवली होती. तिला कुत्या म्हणतात. शिजवलेले अख्खे गहूं, मध आणि खसखस. आम्हीं पहिला घांस घेतला मात्र, आणि खपली गव्हाच्या खिरीची आठवण झाली. गुळाच्या जागीं मध एवढाच फरक.

आभाळ झांकलेलें होतें आणि तारा दिसेना. शेवटीं एका पांच वर्षांच्या मुलीनें खिडकींतून तो दिसल्याचें जाहीर केलें, व तिच्या शब्दावर सर्वांनीं विश्वास ठेवला. आम्ही पळी घेऊन साराच्या भांड्यापाशीं उभे होतों. इतक्यांत एक युक्रेनियन आजीबाई आल्या, त्यांनीं आमच्या हातची पळी काढून घेतली, आणि दंडाला धरून आम्हांस त्या मोकळ्या ठेवलेल्या जागीं नेऊन बसवलें. पोलिश बायका हंसल्या; त्यांना तें मान्य होतें. मग एक पातळ पांढरी पोळी आली, कागदाहून थोडी जाड, तिच्यावर गोठ्याचें चित्र उठवलेलें. प्रत्येकाच्या हातीं तिचा तुकडा. एकानें आपला तुकडा दुसऱ्यापुढें धरावा, दुसऱ्यानें त्यांतला कण मोडून घ्यावा व आपला पुढें करावा, आणि दोघांनीं एकमेकांस येत्या वर्षासाठीं कांहीं चिंतावें. त्या पोळीवर चर्चमधील महाप्रसादाचा संस्कार झालेला नसतो. म्हणून ती कोणासहि देतां येते. संस्कार झालेला प्रसाद बाप्तिस्मा झालेल्यांसाठीं, ही पोळी सर्वांसाठीं: रेषा यजमानांनींच आंखून ठेवलेली आहे. आम्हांस पत्र लिहिणाऱ्या मुलीला आम्हीं हेंच कळवलें. मध्यरात्रीं त्यांच्या देवळांत आदरानें उभें राहणें हें खोटें नाहीं; प्रसादाच्या रांगेंत जाऊन उभें राहणें हें मात्र होईल. पाहुण्यानें आपल्या श्रद्धेचें माप आणून लावण्याचें कारण नाहीं; यजमानांची रेषा कोठें आहे तें विचारावें आणि तिच्या अलीकडे निःशंक वावरावें.

संक्रांतीचा तिळगूळ आणि दसऱ्याचीं आपट्याचीं पानें आम्हांस तेव्हां आठवलीं, पण तेथें देणारा व घेणारा असे दोन असतात, निदान क्षणभर तरी, आणि बहुधा धाकटा वाकतो. या पोळीच्या बाबतींत दोघेहि एकाच वेळीं देतात आणि एकाच वेळीं घेतात.

परंतु आम्हांस महत्त्वाची वाटली ती पोळी नव्हे. आजीबाईंनीं पळी काढून घेतली ती. हें घर त्यांचें नव्हतें, देश त्यांचा नव्हता, सणहि नेमका त्यांचा नव्हता; ती मोकळी जागासुद्धां दुसऱ्यांनीं मांडलेली. आणि त्या जागीं कोणास बसवावयाचें हें त्यांनीं ठरवलें. घर सोडून आलेल्या माणसाचें काय काय हरवतें याची यादी करणारे पैसा, जमीन, कागदपत्रें, ओळख असें मोजतात. या यादींत एक गोष्ट सहसा येत नाहीं, ती म्हणजे यजमानपण. 'बसा, जेवा' असें दुसऱ्यास म्हणण्याचा अधिकार. निर्वासिताला अन्न मिळतें, वस्त्र मिळतें, डोक्यावर छप्पर मिळतें. पण तो जेथें जातो तेथें पाहुणाच असतो, आणि सतत पाहुणा असणें हा एक फार सूक्ष्म दुष्काळ आहे. सेवा करावयास आलेला मनुष्य तो दुष्काळ कमी करीत नाहीं. तो जितका तत्पर, जितका निरपेक्ष, जितका 'मला कांहीं नको' म्हणणारा, तितका तो दुष्काळ वाढवतो.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं दानाचें पुण्य सांगितलें तसें प्रतिग्रहाचें भयहि सांगितलें. घेणाऱ्याचें तेज कमी होतें, म्हणून होतां होईल तों घेऊं नये. हा विचार आपल्या हाडींमांसीं खिळलेला आहे. उपकाराखालीं दबणें, मिंधें होणें, हे शब्दच त्याची साक्ष देतात. म्हणून आपला स्वयंसेवक देतांना उदार असतो आणि घेतांना अवघडतो. पण त्याच शास्त्राचें तर्कशास्त्र थोडें पुढें नेलें तर काय निघतें? घेतल्यानें तेज कमी होत असेल, तर जो नेहमीं देतो आणि कधींच घेत नाहीं तो आपलें तेज राखून समोरच्याचें रोज थोडें थोडें कमी करीत असतो. याला निःस्वार्थता म्हणावें काय? सणाच्या दिवशीं दोन घांस घेणें हा स्वयंसेवकाचा विरंगुळा नव्हे. तो त्याच्या कामाचा भाग आहे, आणि कदाचित् बटाटे सोलण्यापेक्षां कठीण भाग.

याच पोलंडची एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रांतहि घडून गेली आहे. 1943 पासून 1948 पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडें येथें पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती. सोव्हिएट सरकारनें 1940-41 मध्यें सायबेरिया व कझाकस्तानकडे हांकलून दिलेलीं हीं कुटुंबें इराणमार्गें हिंदुस्थानांत पोंचलीं. संख्या सुमारें पांच हजार, त्यांत बायका आणि मुलेंच अधिक. पंचगंगेच्या खोऱ्यांत त्यांनीं शाळा चालवल्या, प्रार्थनामंदिर उभारलें आणि पांच हिंवाळे आपला नाताळ केला. कोल्हापुरांत त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आहे. त्या वसाहतीविषयीं लिहितांना आपण कोल्हापूरकरांच्या आतिथ्याचा गौरव करतों, आणि तो रास्तच आहे. पण आम्हांस त्याहून कुतूहल वाटतें तें आसपासच्या ज्या गांवकऱ्यांना त्या छावणींतल्या बायकांनीं आपल्या दारांत बसवून कांहीं खावयास दिलें असेल, त्यांचें. दूधवाला असेल, भाजीवाली असेल. त्यांनीं तें घेतलें असेल तर त्यांनीं मोठी सेवा केली, आणि तिची नोंद कोठल्याहि दप्तरांत होत नाहीं.

येथवर सर्व गोड झालें. पण यजमानपणाला एक दुसरी बाजूहि आहे, आणि ती पाहण्यासाठीं नाशिककरांस शरणपुरापर्यंतच जावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीनें ही ख्रिस्ती वसाहत वसवली. अरबी समुद्रांत इंग्रजी आरमारानें गुलामांच्या गलबतांतून सोडवलेलीं आफ्रिकन मुलें येथें आणून ठेवीत, त्यांस अक्षरओळख करून देत, सुतारकी-लोहारकी शिकवीत. यांपैकीं जेकब वेनराइट पुढें लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासांत सामील झाला. 1873 सालीं लिव्हिंग्स्टन वारला तेव्हां आफ्रिकेच्या अरण्यांत अंत्यविधीची प्रार्थना त्यानें म्हटली, आणि 1874 च्या एप्रिलांत वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत तोहि होता. नाशिकांत शिकलेला मुलगा! पण 'जेकब वेनराइट' हें त्याच्या आईबापांनीं ठेवलेलें नांव नव्हे. या मुलांना गुलामगिरींतून मुक्ति मिळाली, अन्न मिळालें, धर्म मिळाला, नाताळ मिळाला. सर्व कांहीं मिळतच गेलें. यजमान इतका उदार कीं त्यानें नांवसुद्धां दिलें. त्या मुलांच्या आईच्या घरचा कोणता सण होता, हें विचारल्याचें आमच्या वाचनांत आलें नाहीं. पुढें त्यांतले कित्येक मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउनला गेले, आणि तेथेंहि लोक त्यांना 'बाँबे आफ्रिकन' म्हणूं लागले; म्हणजे आपल्या खंडांत परतल्यावरहि ते पाहुणेच राहिले. ज्या पंगतींतून उठतां येत नाहीं ती पंगत नव्हे.

मिशनऱ्यांना हें ऐकवून स्वतः मोकळें होण्याची सोय मात्र आम्हां नाशिककरांस नाहीं. 1930 सालीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच चैत्रांत रामाच्या रथाच्या दोराला हात लावूं देण्यावरून या गांवांत दगडफेक झाली. तीं माणसें परकीं नव्हतीं. राम त्यांचा, गांव त्यांचें, सण त्यांचा. त्यांना त्यांच्याच सणांत पाहुण्याचीहि जागा मिळाली नाहीं. दूरच्या अतिथीसाठीं पान मांडणें सोपें असतें, कारण तो उद्यां जाणार असतो. जो जाणार नाहीं त्याच्या हातीं दोर देणें अवघड. परदेशच्या नाताळांत आपलें किती छान स्वागत झालें हें सांगणाऱ्या तरुणांस आम्ही अधूनमधून पंचवटीची ही हकीकत सांगतों. त्यांना ती आवडत नाहीं.

आतां त्या दुसऱ्या पत्रलेखकाकडे वळूं, ज्यानें नाताळच्या दिवशीं कामावर राहण्याचें पतकरलें. आमच्या गांवच्या इस्पितळांत लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं ख्रिस्ती परिचारिका आपण होऊन पाळी मागून घेतात आणि नाताळांत हिंदु परिचारिका त्याची परतफेड करतात, ही चाल आम्हीं पाहिली आहे. शेजारच्या ख्रिस्ती घरांतून नाताळच्या सकाळीं करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे यांचें ताट येतें, तें दिवाळींत गेलेल्या ताटाचें उत्तर असतें. तळणाचा वाससुद्धां एकच. पण रात्रपाळीची देवघेव या ताटाहूनहि आम्हांस अधिक मोलाची वाटते. जो दाराबाहेर उभा राहून दुसऱ्याला आंत पाठवतो तो त्या सणाच्या बाहेर असतो असें कोणीं ठरवलें? त्याच्यामुळें एका घरचें यजमान-माणूस आपल्या टेबलाशीं पोंचतें. लग्नघरीं मांडवाच्या दारांत जोडे सांभाळणारा वऱ्हाडांत मोजला जात नाहीं, हा मोजणाऱ्याचा दोष. आम्हीं त्या मुलास एवढेंच लिहिलें कीं, दुसऱ्या दिवशीं कोणी डब्यांतून उरलेलें गोड आणून दिलें, तर तें नको म्हणूं नकोस.

अशा देण्याघेण्याची हद्द कोठवर जाते, याचें एक उदाहरण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 सालीं हिंदी राष्ट्रसभेच्या वतीनें जे पांच डॉक्टर चीनला गेले त्यांतले ते एक. बाकीचे यथाकाल परतले; कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, 1941 सालीं बेथ्यून यांच्या नांवाच्या इस्पितळाचे प्रमुख झाले, त्याच वर्षीं क्वो चिंगलान या परिचारिकेशीं विवाह केला, आणि मुलगा झाला त्याचें नांव यिन्-हुआ ठेवलें, म्हणजे हिंद-चीन. 9 डिसेंबर 1942 रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, ते तेथेंच वारले. त्यांची समाधि शिजियाझुआंग येथें आहे. चिनी लोकांचा छिंगमिंग म्हणून एक सण एप्रिलच्या आरंभीं येतो. आपल्या पितृपक्षासारखा, पूर्वजांचीं थडगीं झाडून स्वच्छ करण्याचा. त्या दिवशीं लोक कोटणीसांच्या समाधीवरहि फुलें आणून ठेवतात.